लांबून नमस्कार

आमच्या शाळेत रोगराईला परवानगी नव्हती. जिन्याखाली तसा मोठा रंगीत तक्ताच टांगलेला होता. त्यावरची माशी चित्रकलेच्या सरांनी इतका जीव ओतून काढली होती की बालवाडीतली पोरं तिला घाबरून जिना चढायला तयार नसत. बोरिवली पूर्वेची मराठी शाळा, ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं, आणि मी सातवीत.

दर डिसेंबरात आरोग्य सप्ताह पाळला जायचा. म्हणजे आमची नखं बघितली जायची, घोषवाक्यांची स्पर्धा व्हायची आणि शेवटच्या दिवशी एक डॉक्टर येऊन सगळ्या शाळेचे घसे तपासायचे. त्यासाठी त्यांच्याकडे स्टीलचा एकच चमचा होता. एका घशातून तो बाहेर आला की औषधाच्या गुलाबी पाण्यात बुचकळायचा आणि पुढच्या पोराला म्हणायचं, "आ कर." पुढच्या बाकांच्या नशिबी ते पाणी गुलाबी असायचं. मी उंच म्हणून शेवटच्या बाकावर. माझा नंबर लागेपर्यंत त्याचा रंग काय झालेला असायचा ते इथे लिहीत नाही. एकदा सप्ताह पार पडला की वर्षभर रोगांची शाळेत शिरायची हिंमत होणार नाही, अशी मुख्याध्यापिका बाईंची खात्री होती.

विज्ञानाच्या सरांना मात्र हा सप्ताह पसंत नव्हता. चमच्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की सगळ्या रोगांचं मूळ अंधश्रद्धेत आहे आणि सप्ताहात तिच्याबद्दल एक अक्षर नाही. सर उंच, किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, सायकल, आणि आवाज असा की सातवी अ मध्ये शिकवलेलं सातवी क ला पाठ व्हायचं. शिकवायचे फार सुंदर, हे मला मान्य करावंच लागेल. पण अंधश्रद्धा दिसली की त्यांच्या अंगात यायचं. स्टेशनकडे जाताना दुकानांवर टांगलेली लिंबू-मिरची ते उघड्या हाताने ओढून काढायचे आणि घरी नेऊन मिरच्या पोह्यांत घालायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन पोट दाखवायचे. "बघा. काही झालं का मला?"

सरांनी खास लक्ष घातलेली विद्यार्थिनी म्हणजे माझी ताई. ती त्या वर्षी दहावीला होती. आमच्या घरात, किंबहुना आमच्या कोकणातल्या अख्ख्या वाडीत, दहावीच्या परीक्षेपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. बाबांची गिरणी बंद पडलेली. ते आता मरोळला एका कारखान्याच्या दारावर वॉचमन होते, आणि त्याच कारखान्यात पॅकिंगच्या कामासाठी त्यांनी ताईसाठी शब्द टाकून ठेवला होता. बाबा दुष्ट नव्हते, गांजलेले होते. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "मार्चला बसलीस आणि पास झालीस तर पुढे शीक, मी आडवा येणार नाही. राहिलीस तर जूनपासून माझ्याबरोबर मरोळ. ऑक्टोबर-बिक्टोबर आपल्याला परवडत नाही." ताईला पुढे शिकायचं होतं. एवढं शिकायचं होतं की जेवताना भाताची शितं मांडून ती भूमितीची प्रमेयं सोडवायची आणि आईच्या शिव्या खायची.

तर, संक्रांत झाली आणि माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला कांजिण्या आल्या.

हा शब्द शाळेतला. आमच्या कॉलनीत म्हणायचे बाया आल्या. देवी आली म्हणजे ती पाहुणी, आणि पाहुणीला औषध देत नाहीत. तिची बडदास्त ठेवायची. दाराला कडुलिंबाची डहाळी लागायची. ती दिसली की शेजारीपाजारी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडून परत फिरायचे. घरात फोडणी बंद, चपला बंद, मासळी बंद. आजारी पोराला कोणी ओरडायचं नाही, कारण ओरडलं तर देवीला लागतं. त्यामुळे बाया येणं ही आम्हा पोरांच्या मते आयुष्यातली एकमेव चैन होती. खाज सोडली तर.

मैत्रिणीच्या दाराला डहाळी लागली आणि ती शाळेत यायची थांबली. सरांना हे कळल्यावर त्यांना रोग नाही दिसला, डहाळी दिसली. ते सायकलवरून तिच्या घरी गेले, तिच्या आजीशी कडाकडा भांडले, डहाळी उपटली, मुलीच्या कपाळाला हात लावून ताप नसल्याची खात्री केली आणि दुसऱ्या दिवशी तिला वर्गात आणून उभी केली. तिच्या गालावरचे फोड अजून नीट सुकलेही नव्हते.

"ही तुमची देवी!" सर म्हणाले. "कोणाला भीती वाटते हिची?"

आम्हाला सगळ्यांनाच वाटत होती. म्हणून कोणी हात वर केला नाही.

"शाब्बास. आता एकेकाने पुढे यायचं आणि हिच्याशी हात मिळवायचा. काहीही होत नाही."

अख्खा वर्ग ओळीने गेला. मीही गेले. बिचारी मैत्रीण शरमेने लाल झाली होती, म्हणजे फोडांमधल्या जागेतही. सर शेजारी उभे राहून प्रत्येक हस्तांदोलनाला "छान, छान" म्हणत होते आणि शेवटी त्यांनी स्वतः तिचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. सरांचं भांडण देवीशी होतं. जंतूंशी त्यांचं काही वैर नव्हतं, आणि जंतूंनीही मग सरांना परकं मानलं नाही.

फेब्रुवारी उजाडला आणि वर्गाची वाट लागली. रोज दोन-तीन बाकं रिकामी पडत गेली. मुख्याध्यापिका बाईंनी तातडीने उपाय केला. वर्गात फिनेल ओतलं. एवढं ओतलं, की ज्यांना कांजिण्या आल्या नव्हत्या ते खोकून घरी गेले. "रोग हटवा, देश नटवा" या घोषवाक्याला पहिलं बक्षीस मिळालेला मुलगा अंगभर फोड घेऊन घरी पडला होता, आणि त्याची ढाल पार्ल्याच्या बिस्किटांबरोबर त्याच्या शेजाऱ्याने घरपोच केली. तोही मग चार दिवसांनी पडला.

माझाही नंबर लागला. एका सकाळी आईने पोटावरचे दोन फोड पाहिले आणि हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून तिने हात जोडले. "इली गो बाय," ती म्हणाली. ते मला उद्देशून नव्हतं. माझ्या अंगात आलेल्या पाहुणीला होतं. मला उद्देशून पुढचं वाक्य होतं, "खाजवशीत तर हात मोडीन." मग देवीला ओरडून चालत नाही हे आठवून तिने जीभ चावली.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. आईने दाराला डहाळी लावली, बाबांची सुरमई बंद केली, आणि मग तिने तिच्या मते सगळ्यात निकडीचं काम केलं. तिने ताईची पिशवी भरायला घेतली. मामा मालाडला राहायचा. परीक्षा होईपर्यंत ताईने तिकडे राहायचं. यात आई काही मोठी वैद्य होती असं कोणी समजू नये. तिचं कारण वेगळं होतं. घरात देवी असताना पुस्तक उघडलं तर डोळे जातात असं तिला तिच्या आईने सांगितलं होतं, आणि ताईच्या हातातून पुस्तक काढून घेणं तिला जमणार नव्हतं. मग ताईलाच घरातून काढायची. ताईचीही हरकत नव्हती. मामाकडे गॅलरी होती.

पिशवीत गणवेश घडी करून ठेवत असतानाच सर आले.

कोणाकडून त्यांना कळलं देव जाणे. उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी डहाळीकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. तोंड तसंही लाल होतं. "थोडी कणकण आहे," ते म्हणाले, "पण हे ऐकून राहवलं नाही." आईची धांदल उडाली. शाळेतले सर आमच्या घरी! आईच्या हिशेबात देवीच्या वर एकच पद होतं, आणि ते म्हणजे शाळेतले सर. तिने पदराने खुर्ची पुसली आणि चहाचं आधण ठेवलं. मी गोधडीत पडल्या पडल्या हे सगळं पाहत होते. सर माझ्या उशाशी बसले, माझी नाडी पाहिली, आणि मग आईला पाऊण तास व्याख्यान दिलं. देवी नसते. विषाणू असतो. तो सूक्ष्म असतो. डहाळीने तो जात नाही. इथवर सगळं बरोबर होतं. मग त्यांना पिशवी दिसली.

"ही कुठे निघाली?"

"मामाकडे, सर," ताई म्हणाली. "आईच्या मते घरात देवी असताना..."

"बस!" सर ओरडले. "परीक्षा तोंडावर आलीय आणि तू देवीला घाबरून घर सोडणार? माझी विद्यार्थिनी? अहो, उद्या बोर्डाच्या पेपरात हिला विज्ञानावर प्रश्न येणार आहेत. ही काय उत्तर लिहिणार, मी देवीच्या भीतीने मालाडला गेले?"

"पण सर," आई चाचरत म्हणाली, "पोराटोरांका एकमेकांचा लागता मां..."

"लागायचं असेल तर कुठेही लागेल. इथे राहून शांतपणे अभ्यास करू दे. काही होत नाही. मी सांगतो ना!"

मी सांगतो ना, हे त्यांचं सगळ्यात जालीम वाक्य होतं. आईने पिशवीकडे पाहिलं, डहाळीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग उठून तिने स्वतःच्या हाताने डहाळी सोडली आणि पिशवी रिकामी केली. सर चहा पिऊन समाधानाने गेले. दोन दिवसांनी बातमी आली की सर अंथरुणाला खिळलेत. डोक्याच्या केसांपासून तळव्यांपर्यंत. मोठ्या माणसाला कांजिण्या आल्या की त्या लहानांचा सगळा हिशेब चुकता करतात म्हणतात. कॉलनीतल्या बायकांनी तर जाहीर करून टाकलं, की लिंबू-मिरची, दोन घरांतल्या डहाळ्या, सगळं एकदम वसूल झालं.

मला हसू आलं असतं. पण मार्च लागला, दहावीची परीक्षा चार पावलांवर आली, आणि ताईच्या मानेवर पहिला फोड उठला.

ती रडली नाही. आरशासमोर उभी राहून तिने मान वळवून वळवून तो फोड पाहिला, जणू भूमितीची आकृती कुठे चुकली ते शोधत होती. मग म्हणाली, "मी जाणार पेपरला." बाबा गप्प बसले. बाबा गप्प बसले की त्याचा अर्थ मरोळ असायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला त्या वेळी जगातल्या कोणाचा नसेल एवढा राग सरांचा आला होता. ते तेव्हा आजारी होते याचाही मला आनंद झाला होता आणि तो मी लपवणार नाही.

आई मात्र पेचात सापडली. अंगावर देवी असताना घराबाहेर पडणं म्हणजे पाहुणीला रस्त्यावर नेण्यासारखं. पण घरात बसवलं तर पोरीचं वर्ष, आणि वर्ष म्हणजे सगळंच. पेपरच्या दिवशी सकाळी तिने देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला आणि अगदी घरातल्या सुरात म्हणाली, "आये, हिका परीक्षेक जावचा आसा. तू पण चल हिच्याबरोबर. तीन तास बसून ऱ्हव, मगे येवया परत." असा तोडगा निघाला. पाहुणीला घरी एकटी टाकून कसं जायचं, त्यापेक्षा तिलाही घेऊन जायचं.

आम्ही रिक्षाने निघालो. ताई गणवेशात, त्यावर आईची शाल डोक्यावरून. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या एका शाळेत होतं. आम्ही उतरतो तो सर तिथे उभे. सायकल भिंतीला टेकवलेली, अंग निम्म्याने वाळलेलं, तोंडभर काळ्या खपल्या. ताईच्या आजाराची बातमी त्यांना शाळेतून कळली होती. सर फक्त ताईला म्हणाले, "चल. मी बोलतो."

फाटकाशी पालकांची गर्दी होती. ताईच्या शालीखालून तोंड दिसलं आणि गर्दी आपोआप दुभंगली. कोणीतरी केंद्र संचालकांना बोलावून आणलं. सफारी सूट, खिशात दोन पेनं, गळ्यात बिल्ला. त्यांनी पाच हातांवरूनच ताईला पाहिलं.

"हिला आत घेता येणार नाही. बाकीच्या मुलांचं काय?"

"बरोबर आहे," सर म्हणाले. "हा संसर्गजन्य आजार आहे. म्हणूनच हिला वेगळं बसवा. अशा विद्यार्थ्यांना वेगळी खोली देता येते, साहेब."

"खोली नाही."

"एखादा कोपरा, व्हरांडा..."

"पर्यवेक्षक कोण बसवू? कोण तयार होईल? मास्तर, तुम्ही समजदार दिसता. ऑक्टोबरला बसवा ना. काय बिघडतं?"

काय बिघडतं! ताईने माझा हात धरला होता. तिची बोटं तापाने कढत होती आणि ती एवढ्या जोरात दाबत होती की मला ओरडावंसं वाटलं. सर विषाणू, संसर्ग, काळजी, अंतर असे सगळे शब्द वापरत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सर शंभर टक्के बरोबर बोलत होते आणि त्याचा समोरच्या माणसावर शून्य परिणाम होत होता. आत घंटा झाली. संचालक वळले.

तेव्हा सरांनी काय केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी एकदा ताईकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणला. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"साहेब, तुम्हाला सांगायला नको. पण देवी आलीय हिच्या अंगावर. आईने विनवणी करून बरोबर आणलीय. तुम्ही दारातून परत पाठवताय. पाठवा. पण मग पुढचं तुमचं तुम्ही बघा."

संचालक जागच्या जागी थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं. आई शांतपणे म्हणाली, "होय तर. सकाळीच सांगून हाडलंय मी तिका." तिच्या बाजूने त्यात खोटं असं काहीच नव्हतं, त्यामुळे तिचा आवाज जराही हलला नाही. संचालकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पायातले बूट काढले, चक्क फाटकात, आणि ताईला हात जोडले.

पाच मिनिटांत खोली सापडली. चित्रकलेची, तळमजल्यावरची, दोन खिडक्यांची. पर्यवेक्षकही सापडल्या, तोंडभर खऱ्या देवीचे व्रण असलेल्या एक वयस्क बाई. "मला आता काय व्हायचंय," म्हणत त्यांनी प्रश्नपत्रिका उचलली आणि ताईच्या मागोमाग निघाल्या.

सर फाटकाबाहेरच्या पायरीवर बसले. त्यांनी चष्मा काढला. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आयुष्यभर दुकानांवरच्या मिरच्या ओढून काढणारा माणूस, आणि आज सगळ्या बोरिवलीसमोर त्याच्याच तोंडून देवी वदली होती. आईला त्यांची दया आली. ती त्यांच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "भियाव नकात, सर. ती रागावणा नाय." सरांनी हे ऐकून डोळेच मिटून घेतले.

पण देवी एकदा आणली की ती पहिला पेपर संपला म्हणून जात नाही. दुसऱ्या पेपरला आम्ही पोचलो तर चित्रकलेच्या खोलीबाहेर नारळ. तिसऱ्या पेपरला नारळ, उदबत्ती आणि परीक्षार्थींची रांग. बीजगणिताचा पेपर होता ना. सगळे अंगावर देवी असलेल्या मुलीच्या पाया पडून आत जायला निघाले होते. दोन मुलींनी तर ताईच्या पायांना हात लावून तोच हात स्वतःच्या डोळ्यांना लावला. सरांनी ते पाहिलं आणि ते जे धावले! दरवाज्यात दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"हात लावायचा नाही! कोणी हात लावायचा नाही! देवीला चालत नाही! लांबून! लांबून नमस्कार करा!"

आणि सगळे मागे सरले. एकही पोर पुढे आलं नाही. पालकांनी पोरांना दंडाला धरून मागे खेचलं. त्या व्हरांड्यात त्या दिवशी जेवढं शिस्तीत अंतर पाळलं गेलं, तेवढं आमच्या शाळेच्या इतक्या आरोग्य सप्ताहांत मिळून कोणी पाळलं नसेल. बाहेर आल्यावर मुलींना नळावर हात धुवायलाही सरांनीच लावलं. "का?" एकीने विचारलं. सर म्हणाले, "सोवळं आहे."

रोज सकाळी संचालक बूट काढून विचारायचे, "अजून आहेत का?" आणि रोज सकाळी सर मान खाली घालून म्हणायचे, "आहेत." खपल्या पडल्या, ताप गेला, ताई ठणठणीत झाली, तरी आहेत म्हणावंच लागलं. नाही म्हटलं असतं तर तिला वरच्या मोठ्या हॉलमध्ये नेऊन बसवलं असतं, आणि तिथले पालक फाटकात आडवे झाले असते. विज्ञानाचा पेपर आला. त्या दिवशी तर सर्वांत मोठी रांग होती. सर दरवाज्यात उभे राहून "लांबून, लांबून" म्हणत होते. विज्ञानाच्या पेपरला देवीचा रांगेवाला म्हणून उभा राहिलेला विज्ञानाचा मास्तर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पेपर संपवून ताई बाहेर आली. सरांनी विचारलं, "कसा गेला?" ती म्हणाली, "चांगला गेला." मग सर हळूच म्हणाले, "आता खरं काय ते सांगून टाकू संचालकांना. मला झोप लागत नाही गं." ताईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "निकाल लागू दे आधी, सर."

जूनमध्ये निकाल लागला. ताई पास झाली, आणि नुसती पास नाही, पहिल्या वर्गात. बाबा दुसऱ्या दिवशी मरोळला जाऊन आपला शब्द परत घेऊन आले. येताना त्यांनी मोठी सुरमई आणली आणि स्वयंपाकघरात ठेवून बराच वेळ दाराबाहेर पाठ करून उभे राहिले. मीही त्यांच्याकडे गेले नाही.

संध्याकाळी सर आले, पेढे घेऊन. आईने पुन्हा पदराने खुर्ची पुसली. सर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मी तुम्हाला सांगायला आलोय, वहिनी. तुम्ही हिला मालाडला पाठवत होतात तेच बरोबर होतं. कारण चूक असेल, पण काम बरोबर होतं. मी मध्ये पडलो. तिचं वर्ष गेलं असतं ते माझ्यामुळे गेलं असतं."

ताई म्हणाली, "जाऊ द्या हो सर." मीही काहीतरी बोलणार होते. पण आई बोलली. इतका वेळ ती सरांच्या तोंडाकडे बघत होती, आणि आता तिने पदर कमरेला खोचला.

"तुमी माजा आयकलास नाय, ता जावंदे, सर. तुमी शिकलेले. पण माका एक सांगा." ताईकडे बोट करत तिने आवाज चढवला. मी तिला सरांपुढे आवाज चढवताना आधी कधी ऐकलं नव्हतं. "चेडू माजा. घर माजा. माज्या हाताक धरून तर कोण नव्हता. मगे मी तुमचा कित्याक आयकलंय?"

का ऐकलं, ते तिला खरंच हवं होतं. मग ती चहाचं आधण ठेवायला आत गेली, आणि तिथूनच पुन्हा विचारलं, यावेळी कोणालाही नाही, "कित्याक?"